माउली, गॅस येईना! दिंडीच्या ट्रकमधल्या टाकीचा दोष व्हॉल्व्हमध्ये की रेग्युलेटरमध्ये, कसा ओळखायचा?

आषाढी जवळ आली की गावागावांत दिंडीच्या ट्रकची बांधाबांध सुरू होते. राहुट्या, सतरंज्या, पाण्याचे पिंप, पिठाची पोती, पराती, काहिली आणि त्यांना खेटून उभ्या केलेल्या गॅसच्या टाक्या. वारकरी चालत जातात आणि ट्रक पुढच्या मुक्कामाला जाऊन चूल मांडतो. अडीच-तीन आठवडे तोच ट्रक स्वयंपाकघर, तोच कोठार आणि पाऊस आला तर तोच झोपायची जागा.

पहाटे तीन-साडेतीनला चहाचं आधण ठेवायची वेळ झाली की आचारी खटका फिरवतो, काडी ओढतो आणि भट्टी पेटत नाही. "माउली, गॅस येईना!" अशी हाक जाते. मग चार जण मोबाइलच्या उजेडात टाकीभोवती जमतात. एक जण टाकी हलवून बघतो, दुसरा रेग्युलेटरवर चापट्या मारतो, तिसरा खिशातून पेचकस काढून टाकीच्या तोंडात घालतो. यातला तिसरा सगळ्यात धोक्याचा. टाकीच्या तोंडातली पिन एकदा पेचकसानं दाबली गेली आणि परत वर आली नाही, तर आतला गॅस बंद करायला हाताशी फक्त एकच गोष्ट उरते. ती म्हणजे टाकीबरोबर आलेली टोपी, आणि ती तर पहिल्याच दिवशी कुणीतरी फेकून दिलेली असते.

टाकीचा दोष शोधायला मिस्त्री असावं लागत नाही. दोष टाकीत आहे, रेग्युलेटरमध्ये आहे, नळीत आहे की भट्टीत, एवढं घरच्या घरी किंवा मुक्कामावर नक्की कळतं. तो दुरुस्त कुणी करायचा, हा मात्र वेगळा प्रश्न.

टाकीच्या तोंडात असतं तरी काय?

घरगुती १४.२ किलोच्या टाकीचं तोंड उघडून वाकून पाहिलं, तर मधोमध एक पितळी पिन दिसते. तिच्या खाली स्प्रिंग आहे. ही स्प्रिंग आणि आतल्या गॅसचा दाब पिनेला सतत वर ढकलत राहतात, त्यामुळे तोंड आपोआप बंद असतं. रेग्युलेटर बसवून खटका फिरवला की रेग्युलेटरमधला दांडा खाली येतो, पिन दाबतो आणि गॅसला वाट मिळते. खटका बंद केला की दांडा वर जातो, पिनही वर येते आणि तोंड पुन्हा बंद. म्हणजे टाकीचा व्हॉल्व्ह उघडतो तो रेग्युलेटरच. माणसाच्या बोटानं किंवा खिळ्यानं तो उघडायची सोय मुद्दामच ठेवलेली नाही.

तोंडाच्या आत, पिनेच्या थोडं वर, एक काळी रबरी रिंग असते. गावाकडं तिला वायसरच म्हणतात. रेग्युलेटरची नळी तोंडात शिरते, तेव्हा तिच्याभोवती ही रिंग घट्ट बसते आणि सांध्यातून गॅस बाहेर येऊ देत नाही. पिनेच्या खालीही एक रबरी बैठक असते, ती बाहेरून दिसत नाही. गळती बहुतेक वेळा या दोन रबरांपैकी एकाची असते. वरचं रबर खराब झालं तर गॅस फक्त रेग्युलेटर चालू असताना गळतो. खालचं खराब झालं किंवा त्यात कचरा अडकला, तर रेग्युलेटर काढला तरी गळत राहतो. एवढा एक फरक ध्यानात ठेवला तरी अर्धं काम होतं.

रेग्युलेटरचं काम वेगळं. टाकीत गॅस पातळ रूपात, मोठ्या दाबाखाली असतो. रेग्युलेटर तो दाब खाली आणून घरच्या शेगडीला जवळपास ३० मिलिबार एवढाच देतो. त्याच्या पोटात रबराचा पातळ पडदा असतो आणि वरच्या झाकणावर एक बारीक छिद्र. हे छिद्र पडद्याला हलता यावं म्हणून ठेवलेलं असतं. तिथून गॅसचा वास आला, तर पडदा फाटलाय असं समजायचं. त्या छिद्रावर साबण, मेण, चिकटपट्टी असलं काही लावायचं नाही. वास थांबल्यासारखा वाटतो, पण पडदा हलायचा थांबतो आणि दाब सांभाळणारं कुणीच उरत नाही.

मोठ्या भट्टीला लागतो तो हाय प्रेशरचा रेग्युलेटर निराळा. त्याच्या चावीनं दाब कमी-जास्त करता येतो. तो घरच्या शेगडीला आणि साध्या नळीला लावला, तर ज्योत उसळते, नळी निसटूही शकते. दिंडीत दोन्ही प्रकार एकाच पेटीत पडलेले असतात आणि अंधारात हाताला लागेल तो बसवला जातो. दोन्हींवर वेगळ्या रंगाची चिंधी बांधून ठेवली की हा घोळ टळतो.

गॅस येतच नसेल तर

आधी टाकी रिकामी नाही ना, हे बघायचं. हलवून अंदाज येत नाही, कारण रिकाम्या टाकीचंच वजन चौदा-पंधरा किलोच्या पुढं असतं. टाकीच्या वरच्या कड्याजवळ रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. गावातल्या किराणा दुकानात किंवा दूध डेअरीत काटा असतोच. वजनातून कोरलेला आकडा वजा केला की उरतो तो गॅस. काटा नसेल तर ओलं फडकं टाकीवरून उभं फिरवायचं. जिथपर्यंत पातळ गॅस आहे तिथपर्यंतचा ओलावा उशिरा वाळतो, वरचा भाग लवकर वाळतो. ही जुनी युक्ती आहे आणि चालते.

टाकीत गॅस आहे, तरी येत नाही? मग अदलाबदल करायची. टाकी उघड्यावर, आसपास विस्तव नाही याची खात्री करून, तोच रेग्युलेटर दुसऱ्या भरलेल्या टाकीला लावायचा. तिथं भट्टी पेटली तर रेग्युलेटर, नळी आणि भट्टी तिन्ही चांगल्या, दोष पहिल्या टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये. दुसऱ्या टाकीलाही पेटली नाही तर दोष टाकीच्या पुढं आहे. आता त्याच जातीचा दुसरा रेग्युलेटर लावून बघायचा. त्यानं पेटली तर पहिल्या रेग्युलेटरचा दांडा झिजलाय किंवा आत अडकलाय, तो पिनेपर्यंत पोचतच नाही. त्यानंही नाही पेटली तर नळी आणि भट्टी उरली. शेतातली मोटर चालेना तर आपण आधी फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल असं एकेक बघतो की नाही? तसंच हे. दोन गोष्टी एकदम बदलल्या की दोष कशात होता ते कळत नाही आणि दुसऱ्या मुक्कामावर तोच घोळ परत होतो.

ट्रकमध्ये नळीचा दोष घरापेक्षा जास्त दिसतो. पोत्याखाली दबते, पेटीच्या कोपऱ्यावर घासते, भट्टीच्या पायाखाली येते. नळी पूर्ण लांबीत मोकळी करून वाकवून पाहायची. वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या तर ती नळी तिथंच बाद. केशरी रंगाची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्यावर बनवल्याचं साल आणि आयएसआयची खूण छापलेली असते. ती छपाईच पुसून गेली असेल, तर नळीचं वय विचारायची गरज उरली नाही असं समजावं.

भट्टीच्या बाजूला बारीक छिद्राचा पितळी जेट असतो. वर्षभर भट्टी मंदिराच्या खोलीत पडलेली असते, त्यात कोळी जाळं करतात, माती बसते. जेट काढून बारीक तारेनं किंवा फुंकून साफ करता येतो, फक्त छिद्र मोठं होता कामा नये. मोठं छिद्र म्हणजे पिवळी, काजळी धरणारी ज्योत आणि तळ काळा झालेली पातेली. भट्टीवर पिन-तार चालवायला हरकत नाही. टाकीच्या तोंडात मात्र चालवायची नाही.

वास येत असेल तर

हा भाग घाईनं वाचून सोडायचा नाही.

पहिलं काम दोष शोधणं नाही. पहिलं काम म्हणजे भट्टी, स्टो, उदबत्ती, विडी सगळं विझवणं, खटका बंद करणं आणि ट्रकची ताडपत्री दोन्ही बाजूंनी वर गुंडाळणं. ट्रकचं इंजिन चालू करायचं नाही. गाडीतला दिवा, पंखा, इन्व्हर्टर, चार्जर यांचं बटण दाबायचं नाही. बंद असेल तर बंदच राहू द्यायचं, चालू असेल तर चालूच. ठिणगी बटण दाबताना पडते. उजेड हवा असेल तर बॅटरी लांब जाऊन लावायची आणि मग जवळ आणायची.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जवळपास दीड ते दोन पट. म्हणून तो वर उडून जात नाही. पाणी जसं खोलगट जागी जाऊन बसतं तसा तो ट्रकच्या फळीवर, पोत्यांच्या मधे, सतरंजीखाली जाऊन बसतो. बाजूच्या फळ्या उंच, वरून ताडपत्री, म्हणजे ट्रकचा हौदच झाला. हवेत साधारण २ टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला की ठिणगीला पेट घेतो. मोठ्या ट्रकच्या हौद्यात मावणारी हवा धरून ढोबळ हिशेब केला, तर पाऊण ते एक किलो गॅस गळाला तरी सगळा हौदा पेट घेण्याजोगा होऊ शकतो. तोही सगळीकडं सारखा पसरला असं धरून. प्रत्यक्षात तो खाली साठतो, म्हणजे फळीजवळ त्याच्या आधीच तेवढं प्रमाण होतं. आणि ट्रकमध्ये झोपणारी माणसं फळीवरच झोपतात.

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळलेला असतो. पण नाक त्या वासाला लवकर सरावतं. ट्रकमध्ये तासभर बसलेल्या माणसाला वास येत नाही आणि नुकताच आलेला म्हणतो की येतोय. तर नुकत्याच आलेल्याचं खरं मानायचं.

हवा मोकळी झाली, वास गेला, की टाकी उभीच ठेवून उघड्यावर आणायची आणि साबणाच्या पाण्यानं तपासायचं. कपडे धुण्याचा साबण पाण्यात विरघळवून फेस काढला की झालं. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग अजूनही गावागावांत आहेत. त्यांच्या हातून टाकी काढून घ्यावी.

खटका चालू करून, भट्टीची चावी बंद ठेवून, फेस आधी रेग्युलेटर आणि टाकीच्या सांध्यावर लावायचा, मग रेग्युलेटरच्या छिद्राजवळ, मग नळीच्या दोन्ही टोकांना, मग नळीवर. जिथं बुडबुडे फुगतात तिथं गळती. सांध्यावर बुडबुडे आले आणि खटका बंद केल्यावर थांबले, तर टाकीच्या तोंडातली काळी रिंग गेलेली, चिरलेली किंवा नसलेलीच. टाकी भरून आली तेव्हाच रिंग नव्हती, असंही होतं. रेग्युलेटरच्या अंगातून आले तर रेग्युलेटर बाद. त्याचे स्क्रू उघडून आत काय आहे ते बघायचं नाही, एजन्सीतून बदलून घ्यायचा. नळीच्या टोकाला आले तर क्लिप सैल किंवा टोक फाटलेलं.

खटका बंद केला, रेग्युलेटर काढला, तरीही टाकीच्या तोंडातून बारीक सूं असा आवाज येतोय किंवा फेस लावल्यावर पिनेभोवती बुडबुडे येताहेत, तर व्हॉल्व्ह स्वतः गळतोय. यावर मुक्कामावर दुरुस्ती नाही. पेचकस, खिळा, दाभण, सेफ्टी पिन काहीही आत घालायचं नाही. पिन कचऱ्यानं अडकली असेल म्हणून ती ठोकून मोकळी करायला जावं, तर ती आत जाऊन तशीच राहण्याची भीती असते. मग तोंडातून गॅस पातळ रूपातच फवाऱ्यासारखा येऊ शकतो, हात बर्फानं भाजल्यासारखे होतात आणि एक लिटर पातळ गॅसाचा अडीचशे लिटरच्या आसपास वायू होतो.

अशा वेळी करायचं ते एकच. टाकीबरोबर नायलॉनच्या दोरीनं बांधून आलेली प्लॅस्टिकची टोपी तोंडावर जोर लावून घट्ट दाबून बसवायची. ती टोपी धूळ जाऊ नये एवढ्यासाठीच आहे असा बहुतेकांचा समज आहे. ती गळती थांबवण्यासाठीच केलेली आहे, आत रबरी बैठक असलेली. टोपी बसली की पुन्हा फेस लावून बघायचं. बुडबुडे थांबले तरी ती टाकी पुन्हा वापरायची नाही. उभी धरून, ट्रकपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला मोकळ्या रानात नेऊन ठेवायची. विहीर, आड, चर, गटार, नाला यांच्याजवळ नाही, कारण जड गॅस तिथं उतरून साठतो आणि नंतर कुणी विडी ओढत आलं तरी पुरे. भोवती दोरी बांधून एक माणूस बसवायचा. मग १९०६ या क्रमांकावर फोन करायचा. गॅस गळतीसाठी हा क्रमांक देशभर चोवीस तास चालतो, कोणत्याही कंपनीची टाकी असली तरी. आग लागली असेल तर ११२ किंवा १०१.

टोपी एका टाकीला एक असं काही नसतं. घरगुती टाकीची टोपी दुसऱ्या घरगुती टाकीला बसते. भिशीच्या पेटीत दोन-तीन जादा टोप्या ठेवायला पैसे लागत नाहीत. फक्त टाकी उघडताना दोरी तोडून ती भिरकावायची सवय सोडावी लागते.

काही व्यावसायिक टाक्यांना पिनेऐवजी फिरवायच्या चाकीचा व्हॉल्व्ह असतो. तो हातानंच घट्ट बंद करायचा, पाना लावून नाही. पान्यानं आतली बैठक चिरडते आणि पुढच्या वेळी तोच व्हॉल्व्ह बंद होईना होतो. चाकीच्या दांड्याभोवती फेस फुगत असेल तर चाकी बंद करायची. थांबलं तर टाकी तशीच बाजूला, थांबलं नाही तर वरचाच मार्ग.

भट्टी पेटते, पण मंदच राहते

हा दोष दिंडीत आणि लग्नाच्या पंगतीत हमखास दिसतो आणि दर वेळी टाकीवर खापर फुटतं. "अर्धीच भरून दिली" म्हणून एजन्सीशी भांडणंही होतात. पण बऱ्याचदा टाकी थंड पडलेली असते.

आतला पातळ गॅस उकळून वायू होतो तेव्हा त्याला उष्णता लागते. ती तो टाकीच्या पत्र्यातून आणि बाहेरच्या हवेतून घेतो. घरची शेगडी थोडा गॅस ओढते, तेवढी उष्णता सहज मिळते. दोनशे माणसांची खिचडी शिजवणारी भट्टी एका टाकीतून भराभर गॅस ओढायला लागली की आतला पातळ गॅस गार होतो, दाब पडतो आणि ज्योत बसते. टाकीच्या खालच्या भागावर दव धरतं, कधी पांढरं बर्फासारखं तहसुद्धा. पावसाळी रात्री, पहाटेच्या गारठ्यात हे लवकर होतं. गॅस आत असतो, फक्त बाहेर यायला तयार नसतो.

यावर लोक काय करतात? टाकी आडवी पाडतात, उलटी करतात, गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवतात, आणि काही ठिकाणी तर खाली शेकोटी. आडव्या टाकीतून वायूऐवजी पातळ गॅस नळीत येतो आणि भट्टीतून हातभर ज्वाळ उठते. शेकोटीबद्दल तर बोलायलाच नको. टाकी तापवायचीच नाही, पाण्यानं नाही आणि विस्तवानं तर नाहीच. दोन टाक्या एकदम जोडणारा तयार सांधा एजन्सीच्या माणसाकडून बसवून घेतला की ओढ वाटली जाते आणि दोन्ही टाक्यांना श्वास मिळतो. ते नसेल तर टाकी बदलून पहिलीला तासभर उघड्यावर विश्रांती द्यायची. ती परत चालते.

यात कायद्याचाही भाग आहे. १४.२ किलोची घरगुती टाकी फक्त घरच्या स्वयंपाकासाठी दिलेली असते. हॉटेल, पंगत, मोठी भट्टी यांसाठी १९ किलोची व्यावसायिक टाकी घ्यायची असते. ती महाग पडते म्हणून गावातल्या पाच घरांच्या टाक्या गोळा करून ट्रकमध्ये टाकल्या जातात. यात पैसे वाचतात हे खरं. पण कोणती टाकी कुणाची, कुठली रिंग कधी बदललेली, कुणाचा रेग्युलेटर किती जुना, याचा हिशेब कुणाकडंच नसतो.

गाडीतला गॅस घरातल्यासारखा नाही

परदेशात काही लोक घरासारखी गाडी घेऊन फिरतात. आत पलंग, शेगडी, फ्रीज. तिला मोटरहोम म्हणतात. तिथंही शेगडीला गॅस जवळपास तेवढ्याच, ३० मिलिबार दाबानं येतो. फरक टाकी कुठं ठेवतात यात आहे. त्या गाड्यांत टाकीला वेगळा कप्पा असतो, राहत्या खोलीकडून पूर्ण बंद आणि तळाला बाहेर उघडणारी भोकं. टाकी, व्हॉल्व्ह, रेग्युलेटर काहीही गळलं तरी जड गॅस तळातून रस्त्यावर पडून जातो, माणसं झोपतात तिथं येत नाही.

दिंडीच्या ट्रकला असा कप्पा करायला फार खर्च येत नाही. मागच्या फाळक्याजवळ, ताडपत्रीच्या बाहेर, लोखंडी पट्ट्यांची जाळीदार चौकट ठोकायची. तिला खाली पत्रा नको, जाळीच. टाक्या उभ्या, साखळीनं बांधलेल्या. डिझेलचा कॅन, जनरेटर, बॅटरी दुसऱ्या टोकाला. टाकी गाडीत जोडलेल्या अवस्थेत न्यायचीच नाही. ट्रक हलला की रेग्युलेटर काढलेला आणि टोपी बसवलेली, मग अंतर दोन किलोमीटरचं का असेना. दिवेघाटासारखा चढ असो की लोणंद-फलटणचा सपाट रस्ता, धक्क्यांनी रेग्युलेटरचा सांधा हलतोच.

२६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे तमिळनाडूत मदुराई स्टेशनच्या यार्डात उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्याला आग लागली. उत्तर प्रदेशातून तीर्थयात्रेला निघालेली माणसं त्यात होती. रेल्वेत गॅसची टाकी न्यायला बंदी असताना डब्यात टाकी चोरून नेलेली होती आणि पहाटे चहा करायला घेतला होता. किमान नऊ जण गेले. वेळ तीच, कारण तेच आणि माणसंही आपल्यासारखीच, देवाला निघालेली.

ट्रक निघण्याआधी

टाक्या ट्रकमध्ये चढवण्यापूर्वी प्रत्येक टाकीचं तोंड उघडून बघावं, काळी रिंग आहे का, कचरा आहे का, आत पाणी साठलंय का. टाकी घेताना वजन करून मागणं आणि गळती तपासून मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. आणून देणाऱ्याकडं त्याची साधनं असायला हवीत. तिथंच सांगितलं की टाकी तिथंच बदलते. नातेपुत्यात पोचल्यावर गावच्या एजन्सीला फोन करून उपयोग नसतो. जोडणीचं पुस्तक किंवा त्याचा फोटो दिंडीचालकाच्या मोबाइलमध्ये असावा, आणि मुक्कामाच्या गावांतल्या एजन्सींचे नंबर एका कागदावर लिहून ट्रकच्या केबिनमध्ये चिकटवलेले असावेत. मोबाइलची बॅटरी नेमकी त्याच पहाटे उतरलेली असते.

टाकीच्या वरच्या पट्टीवर एक अक्षर आणि सालाचे दोन आकडे लिहिलेले असतात, उदाहरणार्थ सी २८. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर, डी म्हणजे डिसेंबरअखेर. त्या मुदतीपर्यंत टाकी पुन्हा तपासणीला जायला हवी. मुदत उलटलेली टाकी घ्यायची नाही, परत द्यायची.

काळी रिंग बदलणं वाटतं तेवढं अवघड काम नाही, पण ती पिनेच्या वरच बसलेली असते. टोकदार वस्तूनं उपसताना पिन दाबली जाते. म्हणून ते एजन्सीच्या माणसाकडून आधीच करून घ्यावं. जादा रेग्युलेटर एक, जादा नळी एक, आयएसआयची कोरड्या पावडरीची आग विझवायची बाटली एक, एवढं भिशीच्या यादीत साखर-चहाच्या शेजारी लिहायला हवं. गोणपाट भिजवून ठेवलेलं असावं. सांध्यावर आग लागलीच आणि खटक्यापर्यंत हात पोचत असेल, तर ओलं गोणपाट बाजूनं टाकून खटका बंद करता येतो. हात पोचत नसेल तर माणसं लांब न्यायची, लांबून टाकीवर पाणी मारायचं आणि सामान सोडून द्यायचं.

एकादशी झाली, दर्शन झालं की ट्रक परत निघतो. टाक्या रिकाम्या झाल्यात म्हणून त्या आडव्या टाकल्या जातात, वर सतरंज्या, सतरंज्यांवर थकलेली माणसं. भट्टी पेटेना एवढा गॅस संपला तरी टाकीत थोडा गॅस उरतोच, आणि गळका व्हॉल्व्ह रिकाम्या टाकीतही गळतो. परतीच्या ट्रकमध्येही टाक्या उभ्या, टोपीसकट आणि माणसांपासून वेगळ्या ठेवायच्या. जी टाकी वाटेत गळली होती, तिच्यावर खडूनं मोठी फुली मारून एजन्सीत परत देताना तसं सांगायचं. नाहीतर टोपी बघून ती कुणाच्या तरी घरी जोडली जायची.